रुमालाखालचा हात

गेल्या वर्षी धुळ्याच्या बैलबाजारात पौलस नानाने मला फसवले. त्याने मला बसका बैल विकला. पौलस नाना म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच, वयाने मोठा, भजनात ढोलक धरणारा माणूस. मी बैलांचा व्यापारी. बसका बैल औताला चालता चालता बसतो आणि मग शेपूट पिळा, चाबूक ओढा, उठत नाही. तो बैल मी पुढे साक्रीकडच्या गुलाब आबांना दिला आणि ऐन पेरणीत तो पांभर ओढता ओढता बसला.

मी दुसऱ्याची गुरे हाकत या धंद्यात आलो. माझ्या दावणीचा बैल म्हणजे खात्रीचा, एवढे नाव कमवायला मला वीस वर्षे लागली होती. ते एका सकाळी गेले. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, "काय शेठ, आजना बैल उभा शे का बसेल?" एकाची तर मी गचांडी धरली.

आबांना मी बदली बैल देण्याचा शब्द दिला, पण तो बैल पौलस नानाच्या गोठ्यातूनच येणार होता. नानाच्या दारात जाऊन मी तसे सांगितले. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "मी तुले काय सांगेल व्हतं, ते याद कर." मी पुढचे ऐकलेच नाही. नाना देत नव्हता म्हणून मीही देत नव्हतो, आणि आमच्या दोघांच्या हट्टात आबांनी रब्बीसुद्धा भाड्याच्या बैलांवर काढली.

मंडळीत मी नानापासून दूर, दाराशी बसू लागलो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर घेण्याच्या, रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतले. आधी नानाशी समेट करा, मग भाकरीला हात लावा, असे ते म्हणाले. मी देवाशी सौदा मांडला. तंबाखू सोडली. रविवारचा बाजार सोडला. बैलाच्या दातांबद्दल, म्हणजे वयाबद्दल, खोटे बोलणे सोडले, आणि आमच्या धंद्यात हे काही लहान नाही. एवढे दिल्यावर नानाचे एक प्रकरण देवाने माझ्याकडे राहू द्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. पुढे एकदा पाळकसाहेबांनी त्या राजाची गोष्ट सांगितली, ज्याला शत्रूचे एकही जनावर जिवंत ठेवू नकोस असा देवाचा हुकूम होता, ज्याने त्यातली धष्टपुष्ट तेवढी ठेवून घेतली आणि त्यापायी राज्य गमावले. मला तो राजा शहाणा वाटला. चांगले जनावर कोण सोडतो? पण घरी जेवताना आबांचे भाड्याचे बैल आठवत राहिले. मग मी ठरवले की आबांना बैल आपणच घेऊन द्यायचा. नानाशी मात्र बोलायचे नाही. म्हणजे हुकूम पाळला, तोही मीच ठरवलेल्या भावात.

पेरणीआधीचा शेवटचा बाजार चार दिवसांवर आला होता. एक खोंड बिथरला, दाव्याचा पीळ माझ्या उजव्या हातावर बसला आणि तीन बोटे मोडली. हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटे धरून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. ज्याची बोटे गेली तो तिथे मुका. डाव्या हाताने करून पाहिले तर समोरचा हसून म्हणाला, "शेठ, डावा हात कसाले देतस?" आणि रुमाल झटकून निघून गेला. दलालाच्या हाती सौदा द्यावा, तर त्याने आत कोणता आकडा दाबला हे मला कोण सांगणार? दुपारी जनावरे परत जाऊ लागली. बैलासाठी मी बोलावलेले आबा लिंबाखाली बसून होते. परत जाणारे एकेक जनावर ते पाहत होते.

मी मनात प्रार्थना केली. गोड शब्दांची नव्हती, भांडणच होते. डोळे उघडले तेव्हा पौलस नाना समोर उभा होता. त्याचे बाजारात काही काम नव्हते. का आलास म्हणून मी नंतर विचारले, तर म्हणाला, सकाळपासून जिवाला चैन नव्हते. याहून जास्त मला माहीत नाही.

त्याने खांद्यावरचा रुमाल काढला. "कोणता बैल?"

मी एका सहा दाती बैलाकडे मानेने खूण केली.

"तुना आकडा सांग. मन्हा हात शे ना."

ज्या हाताने मला बुडवले तोच हात. मी आकडा सांगायला तोंड उघडले, आणि सांगितला नाही. म्हणालो, "आकडा तूच ठराव, नाना."

त्याने आधी बैल गाडीला जुंपायला लावला, बाजाराला दोन फेऱ्या मारून आणला, मग रुमालाखाली हात घातला. मी स्वतः केला असता त्याहून चांगला सौदा झाला. हे लिहिणे मला आजही जड जाते. आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांची पेरणी त्याच बैलाने झाली, आणि देवाचे उपकार मी त्याच दिवशी मानले.

आता राहिलेले सांगतो. गेल्या वर्षी सौद्याच्या आधी नाना मला म्हणाला होता, "जुपीसन दख, मंग ले." मी म्हणालो, "मले शिकाडू नको." माझ्या नजरेवर माझा एवढा भरवसा होता की मला जुंपून पाहायची गरज वाटली नाही, आणि नानाला घाई आहे असे ओळखून मी भाव पाडत होतो. आबांना बैल देतानाही मी तो जुंपला नाही. वर्षभर ही गोष्ट मी पाळकसाहेबांना सांगितली नाही, बायकोला नाही, प्रार्थनेत देवालाही नाही. तंबाखू सोडली, पण हे रुमालाखाली दाबून ठेवले.

बैल बसतो हे नानाला ठाऊक होते, आणि "जुंपून पाहा" यापलीकडे तो बोलला नाही. त्याचे त्याने पाहावे. पण आबांना खात्री मी दिली होती. म्हणून पाळकसाहेब, हे सगळे लिहून तुमच्या हाती देतो आहे, आणि माझी एक मागणी आहे. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी आबांना मंडळीत बोलवा, मला सगळ्यांसमोर उभे करा आणि त्यांच्या बुडालेल्या हंगामाचा जाब मला विचारा. तो जाब मी देईपर्यंत माझ्या हातावर भाकर ठेवू नका.