चार जबड्यांचं चक आणि आमचा अबोला

खडेबाजारामागच्या बोळात आमचं लोखंड कातायचं लेथ होतं. ह्ये लेथवर, मी रहाटावर. रहाट हातानं फिरवला की पट्ट्यानं लेथ फिरायचं. बायकांनी असलं काम करायचं का, म्हणणारे लई होते. त्यातलं कुणी रहाट फिरवाय आलं न्हाई.

लढाईच्या दिवसांत एकदा जेवता जेवता ह्ये म्हणाले, लेथ विकून टाकू, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. का, तर म्हणे कंटाळा आला. माझं डोकंच फिरलं. रहाट वढून वढून माझे खांदे गेलते, आन् कंटाळा ह्यांना! मी अबोला धरला. भाकरी वाढायची, तांब्या पुढं सरकवायचा, पण तोंडातनं शब्द काढायचा न्हाई.

त्यातच निपाणीकडचे एक आप्पा उसाच्या चरकाचं दातेरी चाक घेऊन आले. मधलं भोक झिजून वाकडं झालतं. ते सारखं करून आत बुश, म्हंजे धातूची नळी, बसवायचा होता. गुऱ्हाळ बंद पडलेलं, आन् लढाईमुळं नवीन चाक कुठं मिळत नव्हतं. भोक एका अंगाला गेलं असतं तर हेबी चाक भंगारात.

ह्यांनी चाक चकात, म्हंजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलं. चकाला चार जबडे, चारी येगळे सरकणारे. मी रहाट फिरवायचा, ह्यांनी चाकाच्या तुंब्याजवळ, मधल्या जाड भागाजवळ, खडू न्यायचा. खडू लागंल त्या बाजूला चाक बाहेर आलेलं. मग समोरचा जबडा ढिला करून खडूकडचा आवळायचा. खडू सगळीकडनं सारखा लागला की सेंटर आलं.

खडू तीन नंबरच्या जबड्याकडं लागला. ह्यांनी तीनच ढिला केला आन् एक आवळला. परत फिरवलं, चाक आणखीनच आऊट. ह्यांनी परत तेच केलं. मला वाटलं, मला बोलतं करायला सोंग चाललंय. मी नुसता रहाट फिरवत ऱ्हायले. आप्पा पायरीवर बसून बघत होते.

मग ह्यांनी तुंब्यावरनं बोट फिरवलं आन् ते बोट पार डोळ्याजवळ नेलं.

"खडू कुठं लागलाय गं?" आप्पांना ऐकू जाणार न्हाई असं विचारलं.

राग कुठल्या कुठं गेला.

"तीनला," मी म्हणाले. "एक ढिला करा. आता तीन आवळा. जरा आणखी. बास."

चाक सेंटरात आलं. भोक सरळ झालं, बुश बसला, आप्पा चाक घेऊन खुशीत गेले.

"म्हणून विकाय निघालतासा व्हय?" मी विचारलं. "आन् मला सांगायचं न्हाई?"

"मला दिसत न्हाई, असं कसं सांगू?" ह्ये म्हणाले.

मला रडू आलं. रडतच त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. रहाटाला दुसरं माणूस बघा, मी म्हणाले, खडू मी धरते.

लेथ विकलं न्हाई. त्यानंतर आमची भांडणं लई झाली, पण मी अबोला धरला न्हाई. धरला असता तर ह्यांना खडू कुठं लागलाय ते कोण सांगणार होतं?