माझ्या खांद्याला दिलेला ताण

जवळ सरक गं जरा. कागदावरून कसली सरकणार म्हणा, तरी सरक, कारण मला तुझा कान धरायचाय. तुझा खांदा धरलाय, केस विंचरायला हात वर जात नाही, रोज दुखण्याची गोळी गिळतेस, आणि हे मला कळतं कुणाकडून, तर भाचीकडून! सख्खी थोरली बहीण इथे दिंडोरीत बसलीये, तिला एक फोन करायला काय झालं होतं? माझंही हेच झालं तेव्हा मी तरी तुला कुठे सांगितलं, असं म्हणशील. नाही सांगितलं. पण रागवायचा हक्क थोरलीचा. तेव्हा मुकाट्याने ऐक.

बागेतली विरळणी तू पाहिलीयेस. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. हात वर, मान वर, दिवसभर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते केलं. मागच्या पावसाळ्यात उजवा हात म्हणाला, बास. भाकरी थापता यायची, कपडे धुता यायचे, पण हात खांद्याच्या वर नेला की अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. दुखणं एक वेळ सोसलं असतं गं. पण माझी वेणी मला घालता येईना. या वयात दुसऱ्यापुढे डोकं धरून बसायचं, हे मला फार लागलं. रात्रंदिवस एकच डोक्यात, माझा हात माझ्या केसांपर्यंत पुन्हा जाईल का नाही?

घरात आम्ही दोघंच. मग तुझे दाजी फणी घेऊन मागे बसायला लागले. त्या माणसाने जन्मभर द्राक्षाच्या काड्या तारेला बांधल्या. वेणीही तशीच बांधायचे, सुतळीची गाठ मारल्यासारखी गच्च. मी ओरडायचे, "अहो, काडी नाहीये ती, केस आहेत माझे!"

"सैल बांधली तर वाऱ्याने सुटंल," म्हणायचे.

पेठ तालुक्यातल्या बायांची टोळी बागेत कामाला येते ना, त्यांनी एकदा ओट्यावर आमचा हा कार्यक्रम पाहिला. तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातली एक धीट, ती म्हणाली, "काकी, नवरा लय गुणाचा हाय तुमचा. एक दिवस आम्हाला उसना द्या."

"घेऊन जा," मी म्हटलं, "पण गाठ सोडायला कात्री लागंल." मीही हसले तेव्हा. मग आत जाऊन पाणी प्यायले आणि थोडी रडले. तुला म्हणून सांगते.

शेवटी नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका दवाखान्यात गेलो. गोळ्या झाल्या होत्या, शेक झाला होता, कुणी दिलेलं तेल झालं होतं. डॉक्टरांनी खांद्याचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा एक दोर असतो, तो माझा एका बाजूने उसवला होता. तुटला नव्हता. म्हणाले, "लगेच ऑपरेशन नको. तुमचंच रक्त थोडं काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला जखम भरून काढायला मदत करणारा भाग वेगळा करायचा आणि तो सुईने त्या उसवलेल्या जागी सोडायचा."

तुझे दाजी खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी हिचंच रक्त परत हिलाच?"

"हो."

"मग बाहेर काढायचं कशाला?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पण उत्तर सरळ दिलं. म्हणाले, त्या दोराला मुळात रक्त कमी पोचतं, म्हणून तो लवकर भरत नाही. जिथे पोचत नाही तिथे आपण नेऊन द्यायचं. आणि हेही म्हणाले, "मी खात्री देत नाही आजी. काहींना गुण येतो, काहींना नाही येत. व्यायाम मात्र सगळ्यांनाच करावा लागतो." मला त्यांचं हे बोलणं आवडलं. खात्री देणारे तेलवाले मी पुष्कळ पाहिले होते.

रक्त काढलं. मशीन गरगर फिरलं. बाहेर आलेली नळी त्यांनी मला दाखवली, खाली लाल गाळ आणि वर पिवळसर पाणी, निवळीसारखं. इतकी वर्षं अंगात घेऊन फिरले आणि असं काही आत आहे याचा पत्ता नव्हता. मग पडद्यावर खांद्याच्या आतलं चित्र बघत बघत त्यांनी सुई घातली. दुखलं, खोटं कशाला बोलू? तुझे दाजी माझा डावा हात धरून होते आणि तोंड भिंतीकडे.

पहिले काही दिवस खांदा जास्तच ठणकला. तुझी ती दुखण्याची गोळी आहे ना, ती घ्यायची नाही अशी सक्त ताकीद होती. ठणका म्हणजे आत काम सुरू झालंय, गोळीने ते थांबवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी लिहून दिलेली वेगळी गोळी तेवढी घेतली आणि हात झोळीत बांधून बसले.

आता खरी गंमत ऐक. ठणका उतरल्यावर तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने फोन केला. गोड पोर. तुमच्याच पुण्याकडची. म्हणाली, "आजी, आता झोळी काढा आणि खांद्याला रोज हळूहळू ताण द्या."

आता तूच सांग, दिवस कुठले? फळासाठी करतात त्या गोडी छाटणीच्या आधीचे. सगळ्या शिवारात बागा ताणावर. ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, खत तोडायचं, वेलीला काही मागायचं नाही, तिला निवांत पडू द्यायचं. म्हणजे छाटल्यावर काडीवरचे डोळे, ते कोंब गं, एकसारखे फुटतात. आमच्या घरी ताण म्हटलं की एवढंच. मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं, "हाताला ताण द्यायला सांगितलाय."

"बरोबरच हाय," हे म्हणाले, जसं काही त्यांनीच डॉक्टरकी केली. "बाग ताणाला, तूही ताणाला."

झोळी काढली खरी, पण हात मांडीवरून हलू दिला नाही. पाण्याचा तांब्या उचलायला गेले की हे ओरडायचे, "ताण मोडंल ना!" चहाचा कप डाव्या हातात आणून द्यायचे. स्वयंपाक शेजारच्या वहिनींनी केला, वेणी यांनी. मला वाटलं, किती शहाण्यासारखं वागतोय आपण.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा त्या मुलीने माझा हात धरून वर करायला घेतला. हात छातीच्या वर जाईना. आधी जात होता तेवढाही नाही.

"आजी, ताण दिला ना?"

"दिला की गं. पुरेपूर दिला. काडीसुद्धा उचलली नाही."

"उचलली नाही म्हणजे? मी ओढ द्यायला सांगितलं होतं! थोडा थोडा ओढायचा, रोज."

तेव्हा कुठे उजेड पडला. हे मागून हळूच म्हणाले, "आमच्याकडं ताण म्हंजी पाणी बंद." ती पोर आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, खांदा आखडायला लागलाय. मी विचारलं, "आता गेला का हात?" म्हणाले, "गेला नाही. पण आता मेहनत तुमची."

घर आल्यावर हे म्हणाले, "मीच येडा. तुला गिलाससुद्धा उचलू दिला नाय." इतकं बारीक तोंड केलं होतं गं, की मला माझं दुःख विसरून त्यांचीच समजूत काढावी लागली.

दवाखान्यात भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं होतं. भिंतीपुढे माझा जीव रमेना. म्हणून मी बागेत जायला लागले. छाटणी झाली होती, मांडव उघडा पडला होता, एकावर एक तारा मोकळ्या. खोडावरून बोटं मुंगीसारखी चढवत न्यायची आणि खालच्या तारेला धरून हळूच ओढ द्यायची. हे शेजारी उभे, "हां, दिला ताण. सोड. आता पुन्हा." डोळे फुटले तेव्हा मी खालच्या तारेवर होते. घड दिसायला लागले तेव्हा मधल्या. कधी कधी पुढे सरकायच्याऐवजी मागेच यायचे, तेव्हा चिडून घरी जायचे. टोळीतली ती धीट बाई पलीकडच्या ओळीतून ओरडायची, "चढा काकी, चढा! वर नवरा नाय, पण तार हाय!"

कशाने गुण आला, सुईने की तारेने, मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. मण्यांत पाणी भरायला लागलं त्या सुमारास एका सकाळी न्हाऊन ओट्यावर बसले होते. हे फणी आणायला आत गेले होते. सहज म्हणून हात मागे नेला. गेला. थोडा ओढला, थोडा दुखला, पण केसांपर्यंत गेला. तीन पेड मी स्वतः घातले. वाकडी वेणी झाली, पण माझी.

हे फणी घेऊन दारात उभे. बघत राहिले. "मग आमची नोकरी गेली म्हणायची," म्हणाले. हसले, पण फणी काही खाली ठेवली नाही.

मी वेणी सोडली आणि म्हटलं, "न्हाण्याचा दिवस तुमचा. बाकीचे माझे." अजून तसंच चाललंय. गाठ अजूनही गच्चच मारतात.

तर सुईला घाबरू नकोस, आणि तुला ती लागेलच असंही नाही. आधी इथे डॉक्टरांना नीट दाखवू. कुणी ताण द्या म्हणालं तर कुठला ताण ते विचारून घे. पुण्यात बसून गोळ्या गिळू नकोस. ये लवकर. माल अजून वेलीवर आहे, तो उतरायच्या आत ये. माझा हात वर जातोय आता. इथे ओट्यावर माझ्यापुढे बस, तुझी वेणी मी घालते.