फौजदारीण हात लावू देत नाही

मुलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आई, बाबा गेले..." एवढंच तो म्हणाला, आणि मग पलीकडून धाराशिवच्या दवाखान्यातला गलका तेवढा ऐकू येत राहिला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. शेजारच्या कमलताई धावत आल्या तेव्हा मी देठं गोळा करत होते. याला आता सहा आठवडे झाले. मला अजून नीट रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला काही लागलेलं कळत नाही ना, तसं झालंय.

हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरीची बहुतेक वर्षं ईट गावात गेली, आणि मी कळंबला शाळेत मराठी शिकवत होते. हे शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळं खरं सांगायचं तर आम्ही एका छताखाली राहायला लागलो ते दोघंही निवृत्त झाल्यावर. तोवर मला यांच्याबद्दल माहिती होती ती एवढीच, की चहात साखर कमी लागते आणि बोलणं त्याहून कमी.

मग मांजरं आली. पांढरी, लांब केसांची रेशमा मुलानं पुण्याहून आणून दिली. त्याच्या घरमालकाला चालत नव्हती. बंड्या धान्याच्या आडतीवरून आपणहून आला आणि राहिला. रोज अंघोळ झाली की हे मागच्या अंगणात पोतं अंथरून बसायचे, माझ्याकडं पाठ करून, आणि एकेकाला विंचरायचे. रेशमा दोन मिनिटांत झोपायची. कुणीही विंचरा, तिला फरक नाही. बंड्याला सगळा खेळ वाटायचा; फणी तोंडात धरून पळायचा आणि हे त्याच्यामागं, "अरे लब्बाडा, आण इकडं!" एवढ्या मोठ्यानं बोललेलं मी यांना आधी कधी ऐकलंच नव्हतं.

तिसरी फौजदारीण. रस्त्याचं काम चालू होतं, तिथं डांबरात अर्धी बरबटलेली सापडली. यांनी करडईचं तेल चोळून चोळून दोन दिवस ते डांबर सोडवलं. तिनं अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावा घेतला. हे स्वतःच जाऊन इंजेक्शनं घेऊन आले आणि पुन्हा तिच्यापुढं बसले. मी चिडले, तर म्हणाले, "तिचं काय चुकलं? दुखतंय तिला." महिनाभर फणी नुसती तिच्यापुढं ठेवायचे. "वास घेऊ दे की आधी. अनोळखी माणसानं एकदम डोक्याला हात लावला तर तुला चालंल व्हय?" पुढं ती यांच्याकडून विंचरून घ्यायला लागली. फक्त यांच्याकडून. मी जवळ गेले तरी कान मागं पाडायची. फौजदारीण हे नाव मीच ठेवलं होतं.

मला केसांचा वैताग होता. कुरडयांवर केस, पांघरुणावर केस, पूजेच्या वस्त्रावर केस. दिवाळीच्या आधी एकदा मी बोलून गेले, "एवढा जीव माणसांना लावला असता तर!" हे रेशमाच्या काखेतला गुंता सोडवत होते. मान वर न करता हळूच म्हणाले, "येऊ देतीस कुठं जवळ?"

मी आत निघून गेले. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं का, कोण जाणे...

छातीत दुखायला लागलं त्या सकाळी मुलगा योगायोगानं घरीच होता. गाडीत बसता बसता हे मला म्हणाले, "फौजदारणीच्या मानेखाली केसांची गाठ झालीया. तू ओढू नको. म्या आल्यावर बघतो." माझ्याशी बोलले ते शेवटचं हेच.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मुलगा म्हणाला, "आई, चल पुण्याला. मांजरांचं बघू कुठंतरी." मी बघू म्हणाले. रेशमाच्या पोटाखाली गुंते व्हायला लागले होते, म्हणून एक दिवस पोतं अंथरलं. गाठ मुळाशी दोन बोटांत धरायची म्हणजे कातडी ओढली जात नाही आणि टोकाकडून सोडवत यायचं, एवढं येताजाता पाहून माहीत होतं. रेशमा झोपली. बंड्यानं फणी पळवली. मी त्याच्यामागं गेले नाही. थोड्या वेळानं त्यानं आपणच आणून टाकली.

फौजदारीण भिंतीवर बसून बघायची. तीन आठवडे खाली आली ती खाण्यापुरती. पाठीवरचे केस चिकटून पट्टे झाले होते. मी रोज फणी जमिनीवर ठेवून गप्प बसायचे. तसंही दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

गेल्या सोमवारी ती उतरली. फणीचा वास घेतला, माझ्या हाताचा घेतला आणि पाठ करून बसली. मी सावकाश विंचरलं. एक बाजू झाली तशी ती आपणहून दुसऱ्या कुशीवर वळली. मग हनुवटी वर केली. मानेखालची गाठ सोडवायला बराच वेळ लागला, एकदा गुरगुरली, पण उठली नाही. मला वाटलं, झालं. तर तिनं पुढचे दोन्ही पाय माझ्या गुडघ्यावर ठेवले, तोंड वर केलं, डोळे मिटले आणि थांबली.

एवढं झाल्यावर हे आणखी काहीतरी करत असणार. कपाळावरून बोट फिरवत असतील, कानाशी काही पुटपुटत असतील... मला ठाऊक नाही. येताजाता दिसलं तेवढंच; शेवटपर्यंत थांबून मी कधी बघितलंच नव्हतं. मी कपाळावर हात ठेवून पाहिला, कानामागं खाजवलं. ते नव्हतं. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग डोळे उघडून खाली उतरली.

मुलाला कळवलंय, इतक्यात येत नाही म्हणून. फौजदारीण आता रोज येते. एक बाजू, दुसरी बाजू, हनुवटी. मग गुडघ्यावर पाय ठेवून, डोळे मिटून थांबते. मी रोज काहीतरी वेगळं करून बघते.