दीड इंची टायरवर चारठाण्याला

शनिवारी सकाळी पाथरीच्या बसस्टँडसमोर चहा घेताना नसरीन मॅडमनी माझ्या सायकलकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "खरंच हिच्यावरच?"

"हिच्यावरच," मी म्हणाले. आठवडाभरात हे उत्तर मी इतक्या जणांना दिलं होतं, की आता त्यात चीडही उरली नव्हती.

नसरीन मॅडम आमच्या शाळेत गणित शिकवतात, मी खेळ शिकवते. नववीच्या मुलींची दोन दिवसांची सायकल सहल चारठाण्याची जुनी देवळं पाहायला न्यायची, हे खूळ माझं. डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक, म्हणून जायचं ते पांदणीनं (शेतांमधल्या गाडीवाटेनं). मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "मुलींकडं जी सायकल आहे तिच्यावर जमत असेल तरच सहल. जाड टायरची गिअरची सायकल चार जणींच्या घरी असेल. त्या चौघींना फिरवून आणायचं आणि बाकीच्यांनी वर्गात बसायचं, हे मला चालणार नाही. आधी तुम्ही जाऊन या."

तसं पाहिलं तर मी मोहात पडले होते. नसरीन मॅडमच्या भावाकडे सव्वादोन इंची, खडबडीत दातांच्या टायरची सायकल होती. खड्ड्यातून अशी जाते की कंबरेला कळतही नाही. माझी साधी लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली, टायर दीड इंचाला थोडं कमीच. परभणीच्या दुकानात चौकशी केली, याच रिमवर जाड टायर बसेल का? दुकानदारानं चाक धरणाऱ्या चिमट्यात, टायरच्या बाजूला, बोट घालून दाखवलं. बोट जेमतेम जात होतं. "जाड टायर घासंल की हो इथं. त्यापेक्षा नवी घ्या." नवी घेऊन मी चारठाण्याला पोचले असते, पण मुलींबद्दल त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं. शेवटी घासलेलं मागचं टायर बदलून त्याच मापाचं नवं घातलं, मडगार्ड घट्ट केलं आणि ठरवलं, हीच. जाड टायरची सायकल नसरीन मॅडमनी घेतली, म्हणजे तुलना तरी होईल.

गावाबाहेर पडून कालव्याच्या कडेनं निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मुरमाचा रस्ता इतका गुळगुळीत, की मी चक्क पुढे होते. मागून मॅडमचे टायर भुंग्यासारखे घोंगावत होते. "तुमची हलकी आहे हो," त्या धापा टाकत म्हणाल्या. मला भलताच आनंद झाला. तो मी लपवलाही नाही.

मग पांदण लागली. परवा पाऊस पडून गेलेला, पण वरून तरी सगळं सुकल्यासारखं दिसत होतं. दोन्ही बाजूंना पेरणीसाठी तयार केलेली काळीभोर रानं. लांब एका धुऱ्यावर (बांधावर) उभी असलेली बाई आमच्याकडे बघून हात हलवत ओरडली, "वापसा न्हाई! वापसा न्हाई!"

आम्ही दोघी शहरात वाढलेल्या, शेतीतलं काही कळत नाही. आमच्या भागात परत जाण्याला सर्रास वापस जाणं म्हणतात. नसरीन मॅडम खूश झाल्या. "ऐकलंत का? वापस नाही म्हणतायत. हौसला वाढवायल्यात बिचाऱ्या." मीही हात हलवून ओरडले, "न्हाई जात वापस!" आणि जोरात पायडल मारलं.

पुढच्या वळणावर दोघी रुतलो. काळी माती टायरला चिकटते म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही. एका फेऱ्यात टायर दुप्पट झालं, दुसऱ्या फेऱ्यात माती मडगार्डमध्ये ठासली गेली आणि चाक जागेवर थांबलं. मी आडवी. मागे वळून पाहिलं तर सव्वादोन इंचीची दशा आणखी वाईट होती, तिच्या प्रत्येक दातात माती गच्च बसलेली. जिच्यावर एवढी भिस्त ती सायकल आता दोघींना मिळूनही उचलवत नव्हती.

ती बाई चपला हातात घेऊन आली. नाव सांगितलं लक्ष्मीबाई. "आवो, मी कवाची वरडायले वापसा न्हाई म्हनून, अन् तुमी हात करून आत शिरायलाव!"

"आम्हाला वाटलं, वापस जाऊ नका म्हणताय," मी म्हणाले.

त्या धुऱ्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. वापसा म्हणजे वाफसा. जमीन फार ओलीही नाही आणि फार सुकीही नाही, तिफण (पेरणीचं औजार) घालता येईल अशी. एवढ्यात त्यांचे यजमान आले आणि दोघांची जुंपली. ते म्हणाले, उद्या वापसा येतो. त्या म्हणाल्या, परवाशिवाय न्हाई. यजमानांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि खाली टाकला. गोळा फुटला नाही. "बगा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "उद्या फुटंल," ते म्हणाले. आम्हाला त्या भांडणात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पलीकडे जायची वाट. ती दोघांनी एकमतानं दाखवली: गवताच्या धुऱ्यावरून, सायकल हातात घेऊन.

मी पान्यानं दोन्ही मडगार्डं काढून टोपलीत टाकली. बराच वेळ ढकलत, कधी खांद्यावर घेत पांदण पार केली. मला रडू येत होतं. थकल्यामुळे नव्हे. इथं मुलींना आणता येणार नाही, हे मला त्या क्षणी अगदी पक्कं वाटलं होतं.

दुपारनंतर जिंतूरच्या बाजूचं माळरान सुरू झालं. तिथं मॅडमच्या टायरांनी पुरेपूर वचपा काढला. दगडगोट्यांवरून त्या बसल्या बसल्या गेल्या आणि मी एकदा पंक्चर काढून, तीनदा उतरून पोचले. चारठाण्याची देवळं संध्याकाळच्या उजेडात पाहिली. दगडावर हात ठेवला तर दिवसभराचं ऊन अजून त्यात होतं. मुक्काम नसरीन मॅडमच्या एका मैत्रिणीच्या माहेरी. येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) आणि गरम भाकरी. मी किती खाल्लं ते सांगत नाही.

"उद्या जीपवर सायकली टाकू," मॅडम म्हणाल्या. "तुमचं पाहून झालं ना?"

"अर्धं झालं," मी म्हणाले. "त्याच पांदणीनं जायचं."

रविवारी त्या पांदणीच्या तोंडाशी मी सायकलवरून उतरले आणि मूठभर माती दाबून खाली टाकली. गोळा फुटला. रानात तिफण चालू होती, मागे लक्ष्मीबाई ओटीतलं बी घेऊन चाड्यावर (तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरून चालत होत्या. यजमानांनी लांबूनच हात वर केला, जिंकल्यासारखा. मी बसले आणि पायडल मारलं. माती टायरखाली भाकरीच्या पापुद्र्यासारखी बारीक मोडत होती, चिकटत नव्हती. माझं दीड इंची आणि मॅडमचं सव्वादोन इंची, दोन्ही सारखीच चालली. शेवटपर्यंत एकदाही उतरले नाही. पलीकडे पोचल्यावर आपण किती मोठ्यानं हसतोय ते मला मॅडमनी सांगितलं.

सोमवारी मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. जाड टायर माळावर सुख देतं. साध्या सायकलवर तिथं उतरून चालावं लागतं, पण पोचता येतं. पांदणीत मात्र टायरची रुंदी कामाची नाही, दिवस कोणता ते बघावं लागतं. पाऊस झाला तर सहल पुढे ढकलायची. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग वर्गात विचारा."

नववीच्या वर्गात मी म्हणाले, "घरी जी सायकल असेल ती चालेल." हात भराभर वर गेले. शेवटच्या बाकावरची गंगा उभी राहिली. ती मळ्यातून येते, वर्गात फारशी बोलत नाही.

"मॅडम, आमची दांड्याची हाय. वडलांची. ती चालंल का?"

"पाय पुरतात का तुझे?"

"न्हाई पुरत. दांड्याखालून पाय घालून कैची मारते."

"अगं, पण वाट पांदणीची आहे. दगड आहेत, माती आहे. अशी कैची मारत कुठवर जाशील?"

"मळ्यातून शाळंपत्तुर पांदणच हाय की, मॅडम. रोज तशीच येते."

दोन दिवस आम्ही जे जमतं का म्हणून तपासून आलो होतो, ते ही पोरगी रोज सकाळी करून प्रार्थनेला उभी राहत होती, आणि शाळेत कुणी तिला विचारलं नव्हतं.

"आणि पडलीस तर?" मी विचारलं.

गंगाला प्रश्नच कळला नाही. तिनं शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उठते की," ती म्हणाली. "शाळा भरायची आसती ना."