शिरूर ते दौंड, नऊ किलोंची पाठपिशवी

जायचं पक्कं झालं ते वाण्याच्या काट्यावर. एका पारड्यात माझी पाठपिशवी, दुसऱ्यात त्याची वजनं. पिशवी बरोबर नऊ किलो भरली. वाण्याने विचारलं, "एवढं घेऊन कुठं?" म्हटलं, "शिरूरहून दौंडला. चालत." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वजनं गोळा केली. माझंच वजन तेव्हा अठ्ठेचाळीस किलो होतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आदल्या वर्षी माझ्या फुप्फुसात पाणी झालं होतं. दवाखाना, इंजेक्शनं, सक्तीची विश्रांती, सगळं यथासांग झालं. सोळाव्या वर्षापासून डोंगर चढणारा मी, दोन जिने चढलो की कठड्याला धरून उभा राहायचो. आमच्या भटक्यांच्या मंडळाचे म्होरके होते नाना. माघात ते आठ दिवसांची मोठी मोहीम काढणार होते आणि मला न्यायला साफ तयार नव्हते. मी फारच भुणभुण लावली तेव्हा म्हणाले, "नऊ किलो पाठीवर घेऊन तीन दिवस चाल. दोन रात्री उघड्यावर काढ. जमलं तर ये. बघायला कुणी येणार नाही, तुझा शब्द मला पुरे." त्या मोहिमेला गेलो तर मी पहिल्यासारखा झालो आणि नाही गेलो तर जन्मभराचा रोगी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. वेडेपणाच होता तो, पण त्या वयात तो खरा वाटतो.

शिरूर-दौंडच का? चढ नाही म्हणून. आणि माझी बायको सुमन पाटसजवळच्या एका वस्तीवरची. ती म्हणाली, "जायचंच तर माज्या मुलखातनं जाऊ. मधीच काय झालं, तर माहेर हाय जवळ." मी एकटा जाणार होतो, पण ती ऐकेना. लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि त्यातलं एक माझ्या उशाशी बसण्यात गेलं होतं.

ओझं कमी कसं करावं, हे तेव्हा कुणी शिकवत नसे. मी माझं शास्त्र स्वतःच काढलं. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेल काढून पंचा घेतला. स्टोव्ह रद्द, कारण तीन दगड कुठेही मिळतात. तंबू रद्द, त्याऐवजी खताच्या पोत्याच्या आतलं प्लॅस्टिक धुऊन घेतलं. साबणाचा पातळ तुकडा, काडेपेटीत मोजक्या काड्या. सुमन हे सगळं दारात बसून बघत होती. "मिशी बी काढा, तेवढीच हलकी," असं म्हणून पदर तोंडाला लावून हसली.

इतकं करूनही तांदूळ, डाळ, पातेलं, घोंगडी, ते प्लॅस्टिक, कपडे आणि खुद्द जाड कॅनव्हासची पिशवी मिळून नऊ किलो झालेच. सुमनने तिचं एक गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक गोधडी, भाकरी आणि चटणी. ते काट्यावर ठेवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ती पाठीवर काही घेणारच नव्हती. कापडाची चुंबळ वळायची, डोक्यावर ठेवायची, वर गाठोडं की झालं.

पहाटेच्या एसटीने पुण्याहून निघालो. सणसवाडी मागे पडली तेव्हा उजाडत होतं. आज तिथून जाताना कारखान्यांच्या भिंती संपत नाहीत, तेव्हा खिडकीतून नुसती ज्वारी दिसत होती. शिरूरला स्टँडसमोर भजी आणि दोन-दोन कप चहा घेतला. गावाबाहेर येऊन घोड नदीच्या अंगाने निमोण्याची वाट धरली. तुम्ही जाणार असाल तर पौषातच जा. ऊन सोसवतं, पाणी सगळीकडे असतं. फक्त चपलेचा तळ जाड हवा, बाभळीचा काटा दया दाखवत नाही.

पहिला दिवस मला कठीण गेला, हे कबूल करतो. पट्टे खांद्यात रुतत होते. दर बांधाला मी थांबत होतो आणि पिकं बघतोय असं दाखवत होतो. ज्वारी पुरुषभर उंच, वर कणसांवर बारीक पिवळा मोहर. त्यातून वारा गेला की अख्खं रान एकदम कुजबुजायचं आणि मग बराच वेळ गप्प. सुमन मागून येत होती. तिचा एक हात झुलत असायचा, दुसरा कधी गाठोड्याला लागायचा, कधी नाही.

निमोण्यात एका विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी आम्ही कोण, कुठले, मूलबाळ किती, सगळं विचारून घेतलं. मग सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा आमच्याकडे लोटल्या. मी म्हटलं, "आजी, नको. ओझं होतं."

"शेंगाचं कवा वझं व्हतं व्हय रं बाबा?" आजी म्हणाल्या. "खात खात जा की."

सुमनने पदर पुढे केला. पुढे वाटभर हेच. कुठे पेरू, कुठे ओल्या हरभऱ्याची जुडी, एका गुऱ्हाळावर केळीच्या पानात बांधलेला गुळाचा चांगला मोठा खडा. त्या मुलखात रिकाम्या हाताने पुढे जाऊ देत नाहीत. मी जे ब्रशच्या दांडीत वाचवलं, ते लोकांनी दसपट परत केलं.

मुक्काम घोडवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठी केला. सुमनने बिऱ्हाड मांडलं, मी आडवा झालो तो पाठ टेकताच झोपलो. सकाळी डोळे उघडले तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून चक्रवाकांची एक जोडी आवाज करत होती. मी काठावर जाऊन बसलो. धुकं पाण्यावरून उठेना, सूर्य नुसता पिवळा डाग. वर्षभर मी भिंतीवरच्या पोपड्यांत डोंगरांचे आकार शोधत पडलो होतो. आता समोर काहीच नव्हतं, नुसता ओला पांढरा उजेड, आणि मला रडू आलं. किती वेळ बसलो कोण जाणे. परत आलो तर सुमनने चूल विझवून, सगळं बांधून तयार ठेवलं होतं.

पिशवी उचलली आणि चकित झालो. "हलकी लागतेय गं आज!"

"शिधा संपतोय न्हवं," ती म्हणाली.

तो दुसरा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. पाय जमिनीला लागतायत की नाही, असं वाटत होतं. खोकला नाही, धाप नाही. पिशवी पाठीवर आहे हे मी विसरून जायचो. वाटेत कधी पाणी डावीकडे चमकायचं, कधी उसाच्या आड जायचं, आणि दूरच्या गुऱ्हाळाचा गोड धूर बराच वेळ आमच्याबरोबर चालायचा. मी मनातल्या मनात माघातली मोहीम चालत होतो. मधूनच मागे वळून सुमनला माझं शास्त्र समजावत होतो की वस्तू निम्म्या केल्या की श्वास दुप्पट होतो. ती "व्हय" म्हणायची.

इनामगावच्या अलीकडे एक जोडपं समोरून आलं. पुढे गडी, हातात नुसती काठी. मागे बाई, डोक्यावर कडब्याची ही थोरली पेंढी. माझ्यातला सुधारक जागा झाला. मी त्याला अडवून म्हटलं, "मामा, जरा तुम्ही घ्या की ते ओझं. बायकोला बैल केलंत होय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे उभ्या सुमनकडे पाहिलं. "घेतो की," ते म्हणाले. "तुमी घेतलं का मी बी घेतो."

"हिचं काय, दोन लुगडी आहेत नुसती!"

यावर त्या दोघी बायका एकदम अशा हसल्या की पेंढी आणि गाठोडं दोन्ही डुगडुगली. मला राग आला. अडाण्यांना काय सांगायचं, असं पुटपुटत मी पुढे निघालो. आज ते आठवलं की कान गरम होतात.

इनामगावला एका टेकाडावर उत्खनन चालू होतं. हजारो वर्षांपूर्वीची घरं, रांजण, चुली. माती चाळणारा एक जण म्हणाला, "आक्षी सगळा संसार हितंच ठिवून गेली बगा मानसं." मला ते फार पटलं. असं जाता आलं पाहिजे, असं मी सुमनला म्हटलं. तिने गाठोडं उतरवून मान दोन्ही बाजूंना वळवली आणि पाणी मागितलं. मुक्काम टेकाडापलीकडे नदीच्या वाळूत केला आणि सकाळी पिशवी आणखी हलकी लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भीमेच्या काठी आलो. पलीकडे दौंडच्या इंजिनांचा धूर दिसत होता. नदी ओलांडायला काहील होती. गूळ आटवायची मोठी लोखंडी कढई असते, तीच पाण्यात लोटायची आणि बांबूने ढकलायची. ती चालवणारे आप्पा साठीचे, काटक. काहिलीत भार सगळ्या बाजूंनी सारखा लागतो, नाहीतर ती कलते, म्हणून ते प्रत्येक वस्तू हातात तोलून जागा ठरवत होते. माझी पिशवी त्यांनी एका बोटाने उचलून आत ठेवली. मग सुमनच्या गाठोड्याला हात घातला आणि थबकले. दोन्ही हातांनी उचललं.

"बाई, दगुड भरल्यात का काय?"

"न्हाई वो आप्पा. किडूकमिडूक हाय."

"पावनं, तुमी तिकडं बसा," आप्पा मला म्हणाले. "हे गठुडं हिकडं. आन् बाई, तुमी मधी."

नदी शांत होती. बांबू पाण्यात जायचा, काहील हलकेच गिरकी घ्यायची आणि काठावरची झाडं आमच्याभोवती फिरायची. समोर ते गाठोडं होतं. त्याच्या गाठीतून माझ्या घोंगडीची काळी दशी बाहेर आली होती. मी ती बघत राहिलो.

दौंड स्टेशनवर पार्सलच्या काट्यावर मी आधी माझी पिशवी ठेवली. साडेचार किलो. मग गाठोडं. सोळा. काट्यावरच्या बाबूने सुमनच्या मानेकडे पाहिलं. फलाटावर बाकड्याशी मी गाठ सोडली. घोंगडी, पातेलं, प्लॅस्टिक, तांदूळ, डाळ. माझा सगळा शिधा, वर लोकांच्या शेंगा आणि गूळ.

मी फार वाईट बोललो. मला फसवलंस, रोगी समजलीस, माझी मोहीम घालवलीस. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पैल्या दिशी संध्याकाळी तुमचं व्हट निळं पडलं व्हतं. तुमाला ठावं न्हाई. सांगितलं आसतं तर तुमी हट्टानं तसंच चालला आसता, न्हाईतर घरी जाऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला आसता. मला दोन्ही नको व्हतं. वरीसभरानं तुमी चालताना शीळ घालत व्हता. त्येवढ्यासाठी मी आनखी बी उचललं आसतं."

मी शीळ घालत होतो, हेही मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस जे मला माझं बळ वाटत होतं ते तिच्या डोक्यावर होतं, आणि मी पुढे मोकळ्या अंगाने चालत तिला श्वासाचं शास्त्र सांगत होतो. मला स्वतःची अतोनात लाज वाटली. मग मी सगळं पुन्हा पिशवीत भरलं, घोंगडीपासून डाळीपर्यंत. तिने हरकत घेतली नाही.

पुण्यात उतरून स्टेशनपासून घरापर्यंत मी ते सगळं पाठीवरून आणलं. चार वेळा थांबलो. चारही वेळा ती शेजारी उभी राहिली. काखेत नुसती लुगडी आणि गोधडी, डोक्यावर चुंबळ तशीच. काढायची विसरली होती की काय, मी विचारलं नाही.

नानांना दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग यंदा नाही." मी म्हटलं, "नाही." खोली अंधारेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. घरी येऊन शेंगा भाजल्या. पुढच्या वर्षी मात्र मोहिमेला गेलो, माझे नऊ किलो माझ्याच पाठीवर घेऊन. तेव्हापासून आमच्या घरातून कुठेही निघताना दोन्ही ओझी काट्यावर चढतात. सॅक हलकी कशी करायची असं विचारणाऱ्या सगळ्यांना माझा एवढाच सल्ला आहे, की आपल्याबरोबर चालणाऱ्याचीही उचलून बघा.

गेल्या थंडीत आम्ही पुन्हा घोडच्या काठाला गेलो, गाडीने. सुमनचे गुडघे आता बोलतात, तरी दोन-तीन किलोमीटर चालायचं म्हणाली. तिच्या पाठीवर छोटी सॅक, त्यात पाण्याच्या बाटल्या, फळं, शाल. एका टपरीवर ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी बाटल्या आणि फळं माझ्या सॅकमध्ये टाकली आणि चेन लावून चहा पीत बसलो.

तिने येऊन सॅक उचलली, क्षणभर हातात तशीच धरली. "हलकी लागतीय की वो."

"पाणी संपतंय न्हवं," मी म्हटलं.

तिने माझ्या फुगलेल्या सॅककडे पाहिलं. "व्हय का," म्हणाली आणि पुढे चालायला लागली.