आमचं लढाईचं गाणं

आमचा बँड म्हणजे तीन माणसं. मी गाते, माझा धाकटा दीर गिटार वाजवतो आणि दिराचा एक मित्र संबळ वाजवतो. या मित्राचं काशीमीऱ्याला गॅरेज आहे. त्याचे वडील गोंधळी, संबळ तो त्यांच्याकडूनच शिकला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि दीर विम्याच्या ऑफिसात आहे. रविवारी गॅरेज बंद असतं, तेव्हा शटर अर्धं ओढून आम्ही आत सराव करतो. हायवेवरून मोठा ट्रक गेला की भिंतीला टांगलेले पाने वाजतात. फोनवर काही रेकॉर्ड करायचं असेल तर दोन ट्रकांच्या मध्ये उरकावं लागतं.

लढाईचं गाणं सुचलं ते मात्र घरी. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्या महाडकडच्या. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या गुणगुणत होत्या. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, कुठल्याशा देशात पडलेल्या इमारती दाखवत होते, तेच ते चित्र पुन्हा पुन्हा. मी टीव्ही बंद केला तेव्हा ओवी नीट ऐकू आली:

दूर लढाईचं रान,
तिथं उजाडतं कसं?
माझ्या अंगणात ऊन,
त्याच्या अंगणात कसं?

त्यांना चार वेळा म्हणायला लावून मी ती लिहून घेतली. त्यांचा मोठा भाऊ फौजेत होता, त्याच्यासाठी त्यांची आई ही ओवी म्हणायची, एवढंच त्यांनी सांगितलं. संध्याकाळी स्वयंपाक करताना मला पुढचं कडवं सुचलं. बातम्यांत एक बाई दिसली होती, पडक्या घराच्या दारात नुसती उभी. ती डोक्यातून जात नव्हती.

डोंगराच्या पल्याड
एक बाई दळते,
माझ्यासारखीच तीही
दाराकडे वळते.

दिराने याला गिटार लावली, जरा खरखरीत, मोठ्या आवाजातली. संबळवाल्या मित्राला चाल संथ वाटली. तो म्हणाला, "ताई, युद्धाचं गाणं आहे ना? ऐकणाऱ्याच्या अंगात आलं पाहिजे." मी म्हटलं, गाणारी बाई जात्यावर बसलीय, ती कुठे लढतेय? तो म्हणाला, "मग जातं तरी फिरू दे." शेवटी पहिलं कडवं सावकाश आणि दुसऱ्यानंतर संबळ मोकळा सोडायचा, असं ठरलं. संबळ सुटला की खरंच अंगावर काटा यायचा, हे मी त्याच्याजवळ कबूल केलं नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर पहिल्यांदा सासूबाईंना ऐकवलं. कानात इअरफोन घालून त्या डोळे मिटून बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या कानात फडताळातली भांडी पडली."

"पण गाणं कसं वाटलं?"

"चांगलं आहे. पण एक सांगू का? मूळ ओवीत लढाई नव्हतीच. 'दूर मुंबईचं गाव, तिथं उजाडतं कसं' अशी होती. गावातले सगळे बाप्ये मुंबईला कामाला. भाऊ फौजेत गेला तेव्हा आईने मुंबई काढून लढाई घातली."

मी थोडी हिरमुसले. युद्धाची जुनी ओवी सापडली म्हणून मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. सासूबाईंना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी माणूस घरात नसणं एवढंच खरं, तो कुठे गेला हा नंतरचा प्रश्न.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीची तयारी सुरू झाली. दरवर्षी झेंडावंदन झालं की मुलांचे नाच, थोडी गाणी आणि मग पोहे-जिलबी. सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, म्हणून मी रेकॉर्डिंग त्यांना पाठवलं. ते गुजराती, स्टीलच्या भांड्यांचा धंदा, माणूस अगदी सज्जन. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी भेटले तर चेहऱ्यावर अडचण दिसत होती.

"मॅडम, गाणं एकदम मस्त. माझ्या वाइफने दोनदा ऐकलं. पण ते पल्याडची बाई... सव्वीस जानेवारीला कोणी बोलला तर? आपल्या जवानांचं गाणं पाहिजे ना. तुम्ही पहिलाच पॅरा गावा, दुसरा सोडून द्या."

मी म्हटलं, दुसरा सोडला तर ते माझं गाणंच उरत नाही. पहिला तर सासूबाईंच्या आईचा आहे.

"मग असं करू," ते म्हणाले, "सुभेदारसाहेबांना ऐकवू. ते हो बोलले तर मला कोण विचारणार?"

सुभेदार म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे काका. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. झेंडा दरवर्षी तेच फडकवतात. बोलणं मोजकं. कोणी गेटसमोर आडवी गाडी लावली तर नुसते तिच्याकडे बघत उभे राहतात आणि गाडी निघते. मी त्यांच्याकडे जरा घाबरतच गेले. काकूंनी दार उघडलं, बस म्हणाल्या आणि आत मेथी निवडायला गेल्या. काकांनी फोन कानाला लावला, जणू कोणाचा कॉल आलाय, आणि पूर्ण गाणं तसंच ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव."

दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "काका, दुसऱ्या कडव्याबद्दल सेक्रेटरींना शंका आहे. तुम्हाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा."

"दुसऱ्याचं काही नाही," ते म्हणाले. "आमची चौकी आणि समोरची चौकी, मध्ये एवढीशी जागा. त्यांच्यातल्या एकाचा खोकला आम्हाला ऐकू यायचा. थंडी वाढली की त्याचा खोकला वाढायचा. आमचा एक पोरगा म्हणायचा, साहेब, ह्याला कोणीतरी काढा पाजा. पुढे एक दिवस खोकला थांबला. बदली झाली की काय, कोणाला माहीत. दोन दिवस आम्ही सगळे कान देऊन होतो." त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "ह्याचा अर्थ आम्ही बंदूक खाली ठेवली असा नाही. ती हातातच होती. खोकला पण ऐकू यायचा. दोन्ही."

"मग गाऊ ना?"

"गा की. मला पहिलं कडवं जड गेलं." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ही इकडे काय करायची ते मी कधी विचारलंच नाही. पत्रात लिहायची, सगळं ठीक आहे. मी वाचायचो, ठीक आहे."

आवाज खाली आणून उपयोग झाला नव्हता. काकू मेथीची जुडी हातात घेऊनच बाहेर आल्या. म्हणाल्या, "मलाही ऐकव बघू."

त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. अर्ध्यात मान हलवायला लागल्या तेव्हा मला वाटलं, आवडलं. पण ती मान नकाराची होती.

"गाण्यातल्या बायका नेहमी दारातच का उभ्या असतात गं?" त्या म्हणाल्या. "मला दारात उभं राहायला सवड कधी होती? दोन पोरं, सासू आजारी. एका वर्षी वादळात घरावरची कौलं उडाली. मी माणसं लावून सगळं घर शाकारून घेतलं, स्वतः शिडीवर चढून. सासूबाई खालून ओरडतायत, पडशील म्हणून. ह्यांना लिहिलं का? नाही लिहिलं. तिथं हे काय करणार होते?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "शिडीवर तू चढलीस?"

"मग कोण चढणार?"

"मला वाटलं तुझ्या भावाने केलं ते काम."

"भाऊ आला होता. जेवून गेला."

हे सांगताना काकू हसल्या आणि मग काकाही हसायला लागले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी त्या घरात शिडीची गोष्ट निघाली होती. कौलं कुठून आणली, गाडीवाला कोण होता, सगळं काका बारकाईने विचारायला लागले. मी चहा घेतला आणि निघाले. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत मी रिपोर्टच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर तिसरं कडवं लिहिलं:

जुनी उतरली कौलं,
नवी शाकारणी केली,
वाट बघायची वेळ
कामाकामातच गेली.

रविवारी गॅरेजमध्ये ते गाऊन दाखवलं. संबळवाला मित्र खूश झाला. म्हणाला, "हे घ्या, ह्यात हात-पाय हलतायत. इथे वाजवतो मी." दिराने एवढंच विचारलं की शाकारणी म्हणजे काय. तो भाईंदरच्या फ्लॅटमध्येच वाढलेला, कौलं त्याने गावच्या चार सुट्ट्यांत पाहिलेली. मित्राने त्याला एका टायरवर पुठ्ठे रचून शाकारणी समजावून सांगितली.

सव्वीस जानेवारीला सकाळी ऊन छान कोवळं होतं. काकांनी झेंडा फडकवला, राष्ट्रगीत झालं, मुलांचे नाच झाले. मग आम्ही उभे राहिलो. स्पीकर भाड्याचा होता, त्यातून गिटारपेक्षा घरघर जास्त येत होती. पहिलं कडवं मी जरा घशातच गायले. दुसऱ्याला खुर्च्यांमध्ये चुळबूळ झाली, ती मला दिसली. मग संबळ सुटला आणि लहान मुलं उठून नाचायलाच लागली, लग्नाच्या वरातीत नाचतात तशी. त्यांच्या आया त्यांना खाली बसवायला लागल्या, लढाईच्या गाण्यावर नाचतात का, म्हणून. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तिसऱ्या कडव्याला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर नीट केला आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. काका समोर बघत होते, पाठ ताठ.

पोह्यांच्या वेळी जो तो आपापलं वेगळंच गाणं ऐकून आला होता. सेक्रेटरींच्या बायकोचे डोळे पाणावले होते. तिचा मुलगा शिकायला परदेशात आहे, तिने सगळं गाणं त्याच्यावर घेतलं. लढाई तिला ऐकूच आली नव्हती. सासूबाईंनी हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, बघ, मी काय सांगत होते. बी विंगमधले एक गृहस्थ मात्र प्लेट न घेताच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. पण आजच्या दिवशी पल्याडच्यांचं गायचं कारण नव्हतं. माझा चुलतभाऊ शहीद झालाय सीमेवर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी त्यांना सॉरीही म्हटलं नाही आणि वादही घातला नाही. म्हटलं, "मला माहीत नव्हतं." ते मान हलवून गेले. अजून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. मी कडवं काढलेलं नाही. त्यांचं चुकलं असंही मला वाटत नाही. मागच्या महिन्यात ते लॅबमध्ये शुगर तपासायला आले होते. मी जितक्या हलक्या हाताने सुई घालता येईल तितकी घातली. ते म्हणाले, "कळलंसुद्धा नाही." तेवढं बरं वाटलं.

त्या सकाळी आवराआवर करताना मी गेटपाशी वायर गुंडाळत होते. मुर्ध्याहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवून तिथेच बसली होती. बाहेरून तिने सगळं गाणं ऐकलं होतं.

"गानं बेस हाय," ती म्हणाली. "पन तो मानूस घरा आला का न्हाय?"

इतक्या लोकांनी गाणं ऐकलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. खुर्च्या रचणाऱ्या काकांकडे माझं लक्ष गेलं. काकू त्यांना कुठली खुर्ची कुठे ठेवायची ते सांगत होत्या.

"आला," मी म्हटलं.

"मंग बरा झाला," मावशी म्हणाली आणि टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. मांदेली ताजी होती. जिलबी खाल्लेल्या हातांनीच मी दोन वाटे घेतले.