उजवीकडून उघडायचं पुस्तक

दादाची बारावीत दोनदा दांडी उडाली आणि तो उल्हासनगरातच जीन्सच्या कारखान्यात कामाला लागला. बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. दोन महिने "त्याला सांग", "त्यांना सांग" करताना आई मेटाकुटीला आली होती. बाबा पुढच्या खोलीत टीव्हीसमोर जेवायचे, दादा आत ओट्यापाशी. दोघांनी एका पंगतीला बसावं, एवढंच तिला हवं होतं. मला तर दोघांचाही संताप यायचा, पण आठवीतल्या पोरीला विचारतो कोण?

तेव्हाच शेजारच्या सिंधी मावशींनी माझ्या धाकट्या बहिणीला एक चित्रांचं पुस्तक दिलं. अक्षरं सिंधी, आम्हाला काय कप्पाळ कळणार! मी चित्रं बघूनच गोष्ट सांगितली. एक कुटुंब अंधारात मेणबत्तीभोवती हसत बसलंय. मग लाइट येते आणि जो तो उठून आपापल्या कोपऱ्यात जातो. शेवटी आई एकटीच. धाकटीने भोकाड पसरलं. पोरांना असली गोष्ट देतात का, म्हणून मी तावातावाने पुस्तक परत करायला गेले, तर मावशी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं, तू शेवटापासून सुरू केलंस.

पुस्तक परत घरी आणून मी आईला गोष्ट नीट क्रमाने ऐकवली. आधी सगळे पांगलेले, मग लाइट जाते आणि एकेक जण आईजवळ येऊन टेकतो. ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून तिने शेवटचं चित्र पुन्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी ऐन बातम्यांच्या वेळी आमची लाइट गेली. घरात मेणबत्ती एकच आहे म्हणत आईने सगळी ताटं पुढच्या खोलीत मांडली. दादाला यावंच लागलं.

मावशींच्या ट्यूबलाइटचा उजेड खिडकीतून आमच्या भिंतीवर पडला होता. बाबा तर वायरमन. त्यांनी त्या उजेडाकडे पाहिलं, मग दाराजवळच्या मेन स्विचकडे. तो खाली पाडलेला होता. आता आईचं काही खरं नाही.

बाबा जागचे हलले नाहीत. आमटीची वाटी दादाकडे सरकवून म्हणाले, "बोटं कशाने कापली रे?"

हळूहळू दादा कारखान्यातलं सांगत गेला आणि बाबा ऐकत राहिले. आईचे उपकार आहेतच, पण सगळं कळूनही बसून राहिलेल्या बाबांचे मी आजही जास्त मानते.

हात धुऊन आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "उद्याही जाणार आहे का गं लाइट?"